आमची भूतखोली

माझा दादा गोंदियातल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होता. वडील लवकर गेले, आई घरी बिड्या वळायची, आणि दादानं दहावी होताच मशीनच्या केबिनमध्ये काम धरलं. मी त्याच्याहून बरीच लहान. शाळा सुटली की दप्तरासकट टॉकीजवर जायचे, मागचा लोखंडी जिना चढायचे आणि केबिनमधल्या एखाद्या रिकाम्या रिळांच्या पेटीवर बसायचे. मशीनची खरखर, कार्बनच्या कांड्यांचा जळका वास आणि भिंतीतला एक चौकोनी झरोका. माझ्या लहानपणीच्या बऱ्याच दुपारी त्या झरोक्याला नाक लावून गेल्या.

आमच्या टॉकीजला मोठे नवे सिनेमे उशिरा मिळत. मधल्या रिकाम्या आठवड्यांत मालक भुताचे सिनेमे लावायचे. जुनी हवेली, कबरीतून वर येणारा हात, पौर्णिमेला केसाळ होणारा माणूस, शहर तुडवत जाणारा राक्षसी सरडा. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं सायकलींवर डबल सीट येत, आणि मॅटिनी हाउसफुल्ल होई. पडद्यावर भूत आलं की खाली सगळे ओरडायचे आणि वर केबिनमध्ये दादा हसायचा. मी त्याचा सदरा धरून ठेवलेला असायचा.

"भेतंस कायले?" तो म्हणायचा. "रबराचं तोंड होय ते. हनुवटीखाली पाह्य, शिवण दिसते."

आणि खरंच दिसायची. एकदा ती शिवण दिसली की मग मला भूत कमी आणि तो मुखवटा कोणी केला असेल तेच जास्त दिसायला लागलं. आमच्या दोघांच्या छंदाची सुरुवात तिथंच झाली असावी.

एका सिनेमाच्या वेळी मालकांनी टॉकीजच्या फाटकावर राक्षसाचं तोंड करून घेतलं होतं. बांबूचा सांगाडा, त्यावर पोती, त्यावर कागदाचा लगदा आणि रंग. लोक दातांमधून वाकून आत शिरत. सिनेमा उतरला तेव्हा ते तोंड तोडून मागच्या बोळात टाकलं. दादानं त्यातला एक डोळा उचलला, भोपळ्याएवढा, आणि सायकलच्या कॅरियरला बांधून घरी आणला.

आई दारातच उभी राहिली. "हा डोरा घरात कायले आणलास?"

"पाहाले," दादा म्हणाला.

आईनं हातातलं सूप खाली ठेवलं, डोळ्याकडे पाहिलं आणि तिला हसू आलं. तो डोळा समोरच्या खोलीत खुंटीला टांगला. मग त्याच्या शेजारी काहीतरी हवं असं आम्हाला वाटायला लागलं.

पोस्टरं तर दादाच्या हाताशीच होती. रिळांच्या पेटीबरोबर गाडीनं पोस्टरांची गुंडाळी यायची. भिंतींवर लावून उरलेली, कोपरा फाटलेली पोस्टरं मालक कोणालाही देत. टॉकीजच्या काचेच्या चौकटीत लावायचे फोटोही कधी कधी मिळत. दादा ती पोस्टरं गादीखाली ठेवून सपाट करायचा. फाटलेल्या जागी मागून पातळ कापड खळीनं चिकटवायचा. खळीत चिमूटभर मोरचूद घालायचा, म्हणजे कीड लागत नाही.

खेळणी मंडईत मिळायची. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाळणे, मग नाटक. फुगे-भिंगऱ्यांच्या दुकानात कुठंतरी मागे एखादं रबरी मुंडकं लटकत असे. दाबलं की लाल जीभ बाहेर यायची. प्लॅस्टिकचे सांगाडे असत, दोरी ओढली की नाचणारे. ओठांत धरायचे सुळे असत. दादा आणि मी एक मंडई सोडत नसू. एकदा कलकत्त्याकडून आलेल्या गाडीतून उतरलेल्या फेरीवाल्याकडे दादाला पत्र्याचा एक राक्षस दिसला. हिरवा, दोन पायांवर उभा, पाठीवर काटे. चावी दिली की डुलत चालायचा, आणि तोंडातल्या लाल काचेमागे ठिणग्या उडायच्या. तेव्हा तो बिघडलेला होता, म्हणून फेरीवाल्यानं तो टोपलीच्या तळाशी टाकला होता. दादानं घरी आणून मोडक्या घड्याळातली स्प्रिंग त्याला बसवली. संध्याकाळी तो राक्षस आमच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर चालला तेव्हा दादा पोटावर पालथा पडून त्याच्या तोंडातल्या ठिणग्या पाहत होता. मोठा मिशीवाला माणूस. मला त्याचं ते पालथं पडणं अजून दिसतं.

त्या खोलीला मोहल्ल्यानंच नाव दिलं, भूतखोली. दादा झाला भूतवाला भाऊ. रविवारी मुलं खिडकीच्या गजांना लटकायची, "भैया, वो चलनेवाला दिखाओ ना," म्हणायची.

आई गेल्यावर दादाचं लग्न झालं. वहिनी खेड्यातल्या, धानाच्या बांध्यांत वाढलेल्या. पहिल्या दिवशी त्या खोलीत शिरल्या आणि डोक्यावरचा पदर दातांत धरून तशाच बाहेर आल्या. चार-आठ दिवस त्या खोलीकडे पाठ करून स्वयंपाकघरात जात होत्या. मग एका शनिवारी मी शाळेतून येते तर वहिनी ओल्या फडक्यानं सांगाड्याच्या बरगड्या पुसत होत्या.

"सासू नाही भेटली मले," त्या म्हणाल्या. "हे एवढे भेटले."

त्यांना मूल झालं नाही. माझंही लग्न जमलं नाही. एकदा पाहायला आलेल्या लोकांना चुकून भूतखोलीतच बसवलं, आणि ते चहा अर्धा टाकून उठले. दादाला त्याचं फार वाईट वाटलं. मला तसं काही वाटलं नाही. मला अर्जुनी मोरगावला शाळेत नोकरी लागली होती. सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, संध्याकाळच्यानं यायचं. आम्ही तिघं त्या घरात बरे होतो.

पुढं टॉकीज बंद पडली. आधी प्रेक्षक गेले, मग मशीन, मग छपरावरचे पत्रे. दादा एका राइस मिलच्या धर्मकाट्यावर बसायला लागला. धानाचे ट्रक येत, तो वजन सांगे. त्याच्यासारखा कामाचा माणूस तिथं वाया जातोय असं मला वाटायचं, पण तो कधी बोलला नाही. उलट खोलीचं काम वाढवलं त्यानं. आता आम्ही मुद्दाम शोधत हिंडायला लागलो. बंद पडलेल्या टॉकीजचे चौकीदार, भंगारवाले, पूर्वी गावोगाव तंबू लावून सिनेमे दाखवणाऱ्यांची घरं.

चोरखमाऱ्याच्या तलावाकडच्या एका गावात असा एक तंबूवाला राहायचा, असं कोणीतरी सांगितलं. आम्ही बसनं गेलो. तंबूवाला कधीच वारला होता. त्याची बायको ओसरीवर बसून धान पाखडत होती. दादानं विचारलं, भुताची पोस्टरं आहेत का. म्हातारीनं आम्हाला आत नेलं आणि धानाची कोठी दाखवली. कोठीला आतून, उंदीर नको म्हणून, पोस्टरांचं अस्तर लावलं होतं. दादानं टॉर्च आत धरला. धानाच्या वर एक पांढऱ्या साडीतली बाई मेणबत्ती घेऊन उभी होती.

"ते नका काढू, कोठी फुटन," म्हातारी म्हणाली. मग तिनं माळ्यावरून एक गाठोडं काढायला लावलं. त्यात रबरी मुखवटा होता, अख्ख्या डोक्यावर चढवायचा, केसांसकट. तंबूवाला सिनेमाच्या जाहिरातीसाठी तो घालून रेंगीतून, छोट्या बैलगाडीतून, गावभर फिरायचा. "घेऊन जा बाप्पा. घरात सून भेते."

येताना बसमध्ये दादानं ते गाठोडं मांडीवर धरलं होतं, तान्ह्या बाळासारखं. घरात मला सगळे बाईच म्हणत. तो म्हणाला, "बाई, एक दिवस मोठी खोली बांधू. काचेची कपाटं. लोक पाहाले येतीन. त्याईले कराले शिकवू, मुखवटे कसे करतेत ते." तो एवढं सलग क्वचित बोलायचा. मीही हो म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

ती खोली बांधायची राहिली ती राहिलीच.

दादाचं बिघडतंय हे मला पत्र्याच्या राक्षसामुळं कळलं. एका रविवारी मुलं जमली होती. दादानं चावी दिली, राक्षस खाली ठेवला, मग लगेच उचलून पुन्हा चावी दिली. पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. मी म्हणाले, "दादा, दिली ना चावी." तो म्हणाला, "केव्हा?" आणि फिरवतच राहिला. आत स्प्रिंग तुटल्याचा आवाज आला. त्यानं त्या खेळण्याची स्प्रिंग आयुष्यभर जपली होती, किती फेरे द्यायचे ते त्याच्या बोटांना माहीत होतं. मुलं पांगली. दादा राक्षस हातात घेऊन बसला होता आणि मला विचारत होता, "काऊन नाही चालत हा?"

मग बाकीचं आलं. धर्मकाट्यावर एकाचं वजन दुसऱ्याला सांगितलं, मिलवाल्यांनी सभ्यपणे घरी बसवलं. दुधाला गेला आणि स्टेशनच्या पलीकडे सापडला. वहिनींना एकदा आईच्या नावानं हाक मारली. आम्ही नागपूरला नेलं. डॉक्टर तरुण होते, नीट बोलणारे. म्हणाले, "हा आजार वाढत जातो. औषधानं थोडा सावकाश वाढेल. मागे फिरणार नाही." वहिनींनी विचारलं, "काही तरी करता येत असन ना घरी?" डॉक्टर म्हणाले, जुन्या ओळखीच्या वस्तूंमध्ये ठेवा, जुनं बोलत राहा, त्यानं माणूस शांत राहतो.

येताना गाडीत मला मनातून हलकं वाटत होतं. जुन्या वस्तू! आमच्या घरात दुसरं होतं काय? मला वाटलं, इतकी वर्षं आम्ही हे सगळं जमवलं ते याच दिवसांसाठी.

मी उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज दुपारी त्याला भूतखोलीत बसवायला लागले. एकेक वस्तू हातात द्यायची आणि विचारायचं. सुरुवातीला जमायचंसुद्धा. रबरी मुंडकं दिलं की तो म्हणायचा, "मंडई." सुळे दिले की तोंडात घालून वहिनींना दाखवायला जायचा. एका दुपारी मी तंबूवाल्याचा मुखवटा त्याच्या मांडीवर ठेवला. दादानं त्याच्या केसांतून बोटं फिरवली, हनुवटीखाली अंगठा नेला आणि म्हणाला, "शिवण उसवून राहिली. सुई आन."

मी सुई-दोरा आणला. त्यानं स्वतः ओवला. डोळ्याजवळ धरून, जीभ बाहेर काढून, हळूहळू टाके घातले, अगदी पूर्वीसारखे बारीक. मी दोऱ्याचं रीळ धरून बसले होते. वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांच्या हातातल्या पळीतून वरण जमिनीवर गळत होतं. त्या दिवशी आम्ही दोघींनी खीर केली. सण नव्हता काही.

तसली दुपार पुन्हा आली नाही.

पावसाळ्यात शाळा सुरू झाली आणि एके दिवशी मी घरी आले तर वहिनी अंगणात दादाला धरून उभ्या होत्या. दादा दाराकडे बोट करत होता. आतमध्ये माणूस शिरलाय म्हणत होता. मी घरभर फिरले, कोणी नव्हतं. भूतखोलीत एक पोस्टर फाडलेलं होतं, केसाळ माणसाचं, आणि खाली काठी पडली होती.

"तो पाहून राहिला होता माह्याकडं," दादा म्हणाला.

"दादा, पोस्टर आहे ते. तूच लावलंस."

"मी?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीही त्या माणसाला सामील आहे. "मी कायले लावन?"

मी त्याला हाताला धरून आत नेलं, कागदाला त्याचा हात लावला. शिवण दाखवली, चित्रातली. त्यानं हात ओढून घेतला आणि तोंड झाकून खाली बसला. मला झरोक्याजवळची मी आठवले, त्याचा सदरा धरलेली. त्यानं मला जे समजावलं होतं तेच शब्द मी त्याला सांगत होते, आणि त्याच्यापर्यंत एकही पोचत नव्हता.

मग मी भिंतींवर चादरी लावल्या. घरातल्या सगळ्या चादरी लागल्या. खेळणी टोपल्यांत घालून वर पोती टाकली. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी दादा भूतखोलीच्या दारात उभा राहून हळू आवाजात वहिनींना म्हणाला, "चादरीच्या मांगं कोण उभा हाय?" ते उघड्या पोस्टरांपेक्षा वाईट झालं. तो जेवेना. त्या भिंतीशेजारून न्हाणीकडे जाईना. कपड्यांत होऊ लागलं. वहिनी दिवसभर धुवत आणि पुसत राहिल्या. त्यांचे हात पांढरे पडले होते.

"बाई," त्या मला म्हणाल्या, "मी इतकी वर्षं पुसलं त्याईले. माहाही जीव हाय त्यात. पण आता घराबाहेर काढा."

नागपूरला एक गृहस्थ होते, असंच जमवणारे. पूर्वी दोनदा येऊन गेले होते, पत्र्याच्या राक्षसासमोर किती तरी वेळ उकिडवे बसले होते. मी त्यांना फोन लावला. मुलानं उचलला. बाबा वारले म्हणाला. त्यांच्या संग्रहाचं काय केलं, मी विचारलं. "फ्लॅट छोटा आहे हो आमचा," तो म्हणाला. "भंगारवाल्याला देऊन टाकलं. तुमच्याकडं पण काही आहे का? तो नंबर देऊ?"

मी नको म्हणाले. शाळेत मुख्याध्यापकांना विचारलं. त्यांनी मागच्या कोठीघरात जागा दिली, जिथं मोडकी बाकं ठेवतात. मी एक छोटा टेम्पो केला. दादाला वहिनी शेजारी घेऊन गेल्या होत्या, त्यानं पाहू नये म्हणून. मी एकटीनं खोली उतरवली. आईनं हसून पाहिलेला तो डोळा काढताना हातातच भुगा झाला. आतून कधीचा पोकळ झाला होता. बाकी सगळं कोठीघरात रचलं, वरून प्लॅस्टिक टाकलं, कुलूप लावलं. घरी येऊन रिकाम्या भिंतींना चुना दिला.

मला वाटलं होतं, आता तरी तो शांत होईल. काही दिवस झालाही. मग एके संध्याकाळी मी पॅसेंजरमधून उतरून घरी आले, न्हाऊन केस मोकळे सोडून समोरच्या खोलीत गेले. दादा खाटेवर बसला होता. त्यानं मान वर केली आणि त्याच्या तोंडातून असा आवाज निघाला जो मी कधी ऐकला नव्हता. तो भिंतीला चिकटला. पाय पोटाशी घेतले.

"वहिनी!" मी ओरडले.

वहिनी धावत आल्या, त्याला कवेत घेतलं. तो त्यांच्या पदरातून बोट माझ्याकडं करत होता. "तिले बाहेर काढ. ते पाह्य, दारात. तिले काढ."

"बाई होय," वहिनी म्हणाल्या. "तुमची बहीण होय जी."

"नाही," तो म्हणाला. "बाई लहान हाय. शाळेत गेली."

मी केस बांधले. साडी बदलली. दुसऱ्या दिवशी कपाळाला मोठी टिकली लावून गेले, तिसऱ्या दिवशी बाहेरूनच बोलत बोलत आत शिरले, हसत, म्हणजे आधी आवाज ओळखेल. आवाजाला तो मान डोलावायचा. मी दिसले की पुन्हा तेच. वहिनींना तो ओळखत होता असंही नाही, पण त्यांच्या हाताला, त्यांच्या वासाला तो घाबरत नव्हता. माझा चेहरा तेवढा त्याला चालत नव्हता. का, ते नागपूरच्या डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. "त्यांच्या मनात तुमचं जे रूप आहे, त्याच्याशी आताचं जुळत नाही," ते म्हणाले. मी आरशात पाहिलं. पांढरे केस, आत गेलेले डोळे, आईसारखी हनुवटी. त्यात कुठं भिण्यासारखं काही आहे का, ते मी बराच वेळ शोधत राहिले.

महिनाभर मी मागच्या दारानं ये-जा केली. तो झोपला की त्याला पाहायचे. एकदा मी खाटेशी असतानाच तो जागा झाला, आणि घाबरून उठताना पडला; कपाळाला खोक पडली. वहिनींनी हळद दाबली. मग बाहेर येऊन माझ्याजवळ ओट्यावर बसल्या. 

"तुम्ही अर्जुनीलेच एक खोली पाहा बाई," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे वाहत होते आणि त्या ते पुसत नव्हत्या. "मी तुम्हाले काढून नाही राहिली. पण ते मरतीन भेवानं."

मी त्यांच्यावर रागावले नाही. त्यांच्या जागी मीही हेच बोलले असते. भिंतीवरची सगळी भुतं उतरवून झाली होती, आता मी तेवढी उरले होते.

अर्जुनीला शाळेजवळ खोली मिळाली. सामान लावून झालं तेव्हा भिंती फार उघड्या दिसायला लागल्या, आणि मला वाटलं, आमच्या वस्तू तरी इथं आणाव्यात. दादाच्या घरात नाहीत तर माझ्या. सुट्टीच्या दिवशी शिपायाकडून किल्ली घेतली आणि कोठीघर उघडलं.

आधी मातीचा वास आला. प्लॅस्टिक बाजूला केलं. वरची पोस्टरं तशीच दिसत होती, रंग शाबूत, कबरीतून वर येणारा हात, हवेली, वटवाघळं. मी गठ्ठा उचलायला गेले तर वरचा एक कागद तेवढा हातात आला. खाली सगळी वाळवी होती. दादानं चिकटवलेली कापडं, मोरचुदाची खळ, काहीही तिनं सोडलं नव्हतं. कागदाच्या जागी ओली माती झाली होती, आणि त्या मातीत पांढरे किडे वळवळत होते. रबराची मुंडकी एकमेकांना चिकटून एकच गोळा झाली होती. त्यातून एक जीभ बाहेर आली होती. तंबूवाल्याचा मुखवटा तडकून तुकडे झाला होता. दादाचे टाके मात्र तसेच होते, नुसता दोरा, आजूबाजूचं रबर गळून गेलेलं. पत्र्याचा राक्षस गंजानं खालच्या बाकाला चिकटला होता. ओढला तर पाय बाकावरच राहिले.

मी खराट्यानं सगळं बाहेर काढलं. शिपाई म्हणाला, "मॅडम, जला दें क्या? दीमक दूसरे कमरे में चली जाएगी." मी हो म्हणाले. पटांगणाच्या कोपऱ्यात त्यानं ते पेटवलं. रबराचा धूर फार काळा असतो. मी जळेपर्यंत थांबले नाही, मला नववीच्या वह्या तपासायच्या होत्या.

सुरुवातीला मी रोज संध्याकाळी फोन करायचे. वहिनी फोन त्याच्या कानाला लावायच्या. फोनवर मी त्याला चालायची. "बाई," तो म्हणायचा, "कधी येतंस? अंधार पडून राहिला." मी येते म्हणायचे. तो थांबायचा. कधी टॉकीजचं काही बोलायचा, पेटी आली का विचारायचा. मी आली म्हणायचे. काही आठवडे एवढं तरी होतं. मग तो फोन कानाला लागला की दचकायला लागला. त्या काळ्या वस्तूत कोणी तरी बोलतंय, एवढंच त्याला कळायचं. वहिनी म्हणाल्या, राहू द्या. मी राहू दिलं. आता त्याची खबर वहिनींकडूनच कळते. खाल्लं, नाही खाल्लं. झोपला, नाही झोपला. बोलतो ते कळत नाही म्हणतात.

रविवारी मी गोंदियाला जाते. ऑटो गल्लीच्या तोंडाशी सोडते आणि मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरते. वहिनी आता वाकल्या आहेत, त्यांना पीठ मळवत नाही. मी पोळ्या करते, आठवड्याची चटणी वाटते, कपडे भिजवते. मधलं दार लोटलेलं असतं. पलीकडून दादाचं खोकणं ऐकू येतं. कधी खाट करकरते, कधी तो भिंतीशी काही पुटपुटतो. डॉक्टर म्हणतात, अजून बरीच वर्षं असंच चालू शकतं, तब्येत चांगली आहे त्याची.

गेल्या रविवारी माझ्या हातून झाकणी पडली. मी जिथल्या तिथं उभी राहिले.

"आत कोण हाय?" पलीकडून दादानं विचारलं. बऱ्याच दिवसांनी त्याचं अख्खं वाक्य कळलं.

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मग ताट उचललं आणि दार अर्धं उघडून त्या बाहेर गेल्या.

"कोणी नाही जी," त्या म्हणाल्या. "जेवा तुम्ही."

मी खाली बसले आणि तांदूळ निवडायला घेतले. संध्याकाळच्या गाडीला अजून वेळ होता.